ताई, आधी निकालाची नक्कल काढा

पत्रातला प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेलं हे पत्र. ओळख पटेल असा मजकूर काढून थोडक्यात देत आहोत.

२०१९ च्या पेरणीच्या दिवसांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालं. शेजारच्या वावरातल्या तिघांनी या ताईंच्या यजमानांना मारलं. एकाच्या हातात कुऱ्हाड होती, दोघांकडे काठ्या. उजव्या हाताचं हाड मोडलं. ताई तिथेच तिफणीमागे बियाणं सोडत होत्या. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, तिथून रात्री यवतमाळचं मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. पोलीस ठाण्यात रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी. भारतीय दंड विधानाच्या ३२६ (घातक हत्याराने गंभीर दुखापत), ५०६ (धमकी) आणि ३४ (मिळून केलेला गुन्हा) या कलमांखाली तालुक्याच्या कोर्टात खटला चालला. यजमानांची साक्ष २०२३ मध्ये झाली. २०२४ मध्ये ते आजारपणात गेले. पंच फितूर झाले. पत्र लिहिण्याच्या चाळीस दिवस आधी निकाल लागला आणि तिन्ही आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले.

ताई लिहितात, "कोर्टानं माह्या मालकाले खोटं ठरवलं." सरकारी वकिलांनी सांगितलं, अपिलाचा प्रस्ताव पाठवतो, वाट पाहा. दीर म्हणतात, फिर्यादीच गेला, आता तुले काही हक्क उरला नाही. गावातली चार माणसं स्टॅम्पपेपर घेऊन आली आहेत: यापुढे वाद नाही असं लिहून द्या, दवाखान्याचे थोडे पैसे देऊ. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी म्हणते, वरच्या कोर्टात जाऊ. ताईंनी विचारलं आहे: जाता येतं का, आणि जावं का?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं सर्वांत जड वाक्य आधी घेऊ. कोर्टाने तुमच्या यजमानांना खोटं ठरवलं, असं तुम्ही धरून चालला आहात. संशयाचा फायदा देऊन सोडणं म्हणजे फिर्यादी खोटा ठरणं नव्हे. 'मारहाण झालीच नाही' असं म्हणणं वेगळं आणि 'या तिघांनीच, अशाच प्रकारे केली हे शंका न उरता सिद्ध झालं नाही' असं म्हणणं वेगळं. साक्ष मुद्दाम खोटी दिली असं न्यायाधीशांना वाटलं असतं, तर त्याची वेगळी कारवाई कायद्यात आहे आणि तसं निकालात स्पष्ट लिहावं लागतं. पत्रावरून दिसतं की निकाल तुम्ही अजून वाचलेला नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि नंतर गावात जे कानावर आलं, तेवढंच तुमच्याजवळ आहे. म्हणून 'जावं का' याचं उत्तर आज कोणीच देऊ शकत नाही, मीही नाही. ते निकालाच्या पानांत आहे. 'जाता येतं का' याचं उत्तर मात्र पक्कं आहे: येतं.

हा हक्क तुलनेने नवा आहे. ३१ डिसेंबर २००९ पर्यंत आरोपी सुटला तर पोलीस केसमध्ये पीडिताच्या हाती फारसं काही नसे. अपील करायचं की नाही हे सरकार ठरवायचं. त्या दिवसापासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ ला एक परंतुक, म्हणजे 'मात्र असं असेल तर' अशी अपवादाची जोड, लावलं गेलं. आरोपी सुटला, हलक्या गुन्ह्याखाली दोषी ठरला किंवा नुकसानभरपाई अपुरी मिळाली, तर पीडित स्वतः अपील करू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच परंतुक कलम ४१३ मध्ये आहे. तुमचा खटला जुन्या कायद्याखाली चालला आणि निकाल नव्या काळात लागला. त्यामुळे अपिलाच्या डोक्यावर दोन्ही कलमं लिहायला वकिलांना सांगा. मजकूर तोच असल्याने हक्क कुठेच कमी होत नाही, आणि कलमाच्या आकड्यावरून हरकत निघण्याची शक्यता मात्र संपते.

तुमच्या दिरांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि तसं त्यांना समजावून सांगा. 'पीडित' या शब्दाच्या कायद्यातल्या व्याख्येतच पालक आणि कायदेशीर वारस येतात. तुम्ही पत्नी आहात, मुलगी आहे, दोघीही वारस. अपील चालू असताना पीडित वारला तरी वारस ते पुढे चालवू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं आहे. आणि अपील दाखल करायला तुम्हाला आधी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. मल्लिकार्जुन कोडगली विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक बहुमताने हे ठरवलं. सरकारला सुटकेविरुद्ध उच्च न्यायालयात जाताना परवानगी लागते, पीडिताला लागत नाही. वकिलांकडे जाल तेव्हा हे नाव चिठ्ठीवर लिहून न्या.

सरकारी वकिलांनी 'वाट पाहा' म्हटलं, त्यात वाईट हेतू असेलच असं नाही. ३२६ हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा. दंडाधिकाऱ्याने अशा गुन्ह्यात आरोपी सोडले तर जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, सरकारी वकिलाला सत्र न्यायालयात अपील करायला सांगू शकतात. तो प्रस्ताव टेबलावरून टेबलावर जातो. मंजूर होईलच याची खात्री नाही, आणि नाकारला तर तुम्हाला कोणी कळवायला येईल असंही नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने साधा अर्ज जरूर द्या, गुन्हा नंबर, केस नंबर, निकालाची तारीख लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. पण तुमचा हक्क त्या प्रस्तावावर टांगलेला नाही. सरकारचं अपील आलं तर दोन्ही एकत्र चालतील. नाही आलं तर तुमचं एकटं चालेल.

आता मुदत, आणि इथे वेळ दवडू नका. पीडिताच्या अपिलाला किती दिवस, हे त्या परंतुकात लिहिलेलंच नाही. सुटकेविरुद्ध सरकारच्या अपिलाला मुदत कायद्यात ९० दिवस आहेत. शिक्षा झालेल्या आरोपीला सत्र न्यायालयात ३० आणि उच्च न्यायालयात ६० दिवस मिळतात. पीडिताला यातली कोणती मोजपट्टी लावायची यावर वाद होत आले आहेत. त्या वादात आपलं प्रकरण अडकू नये म्हणून सर्वांत लहान आकडा आपला मानायचा. तुमचे चाळीस दिवस झाले आहेत. घाबरण्याचं कारण नाही, फक्त अपिलासोबतच विलंब माफीचा अर्ज आणि त्याला प्रतिज्ञापत्र जोडा. नंतर जोडू, असं म्हणू नका. कारणं खरी द्या: सरकार अपील करेल असं सांगितलं गेलं, निकालाची प्रत हाती नव्हती, घरचा कर्ता माणूस गेलेला, कायद्याची माहिती नव्हती. मृत्यूचा दाखला जोडा. 'तब्येत बरी नव्हती' असं दवाखान्याच्या कागदाशिवाय लिहून देणारे असतात. तसं करू नका. एक कारण पोकळ निघालं की बाकीच्या खऱ्या कारणांवरचाही विश्वास जातो.

नक्कल काढायला उद्याच तालुक्याच्या कोर्टात जा. नकलेसाठी अर्ज केल्यापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज मुदत संपण्याआधी केलेला असेल तरच. नकलेच्या मागे तीन तारखा असतात: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. त्या नीट उमटल्या आहेत ना, ते तिथेच उभं राहून पाहा. केस नंबर सापडत नसेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर आरोपीच्या किंवा पक्षकाराच्या नावाने शोधा. सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक खटल्याचा वेगळा ओळख क्रमांक, मिळेल, तो मुलीच्या मोबाईलमध्ये जपून ठेवा. तिथून उतरवलेला निकाल वाचायला चालतो, पण अपिलाला प्रमाणित नक्कलच लागते. शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत फुकट मिळते, तुम्हाला ठरलेली फी भरून. निकालाबरोबर यजमानांची, तुमची, डॉक्टरांची आणि तपास अधिकाऱ्याची साक्ष उलटतपासणीसकट मागा. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, जप्ती पंचनामा, जखमेचा दाखला आणि एक्स-रेचा अहवाल हेही मागा. निकालाने ज्याला फटका बसला अशा माणसाला हे मागण्याचा हक्क आहे. प्रत्येक कागदावर 'निशाणी' नंबर, म्हणजे कोर्टाने त्या कागदाला दिलेला क्रमांक, असतो. तो नंबर दिसत नसलेली झेरॉक्स अपिलात फारशी कामाची नाही.

निकाल हाती आला की आधी शेवटचं पान उघडा. 'आदेश' या शब्दाखाली दोन ओळी शोधा. एक, मुद्देमालाची: 'जप्त कुऱ्हाड व काठ्या अपील मुदतीनंतर नष्ट कराव्यात' अशा अर्थाची. कायद्याने हा आदेश दोन महिने अमलात आणता येत नाही आणि अपील दाखल झालं तर ते निकाली निघेपर्यंत नाही. तुमच्या हातात त्यातले वीसच दिवस उरले आहेत. अपील तोवर तयार होत नसेल तर त्याच कोर्टात एक अर्ज द्या, की आम्ही अपील करत आहोत, मुद्देमाल नष्ट करू नये. दुसरी ओळ बंधपत्राची. वरच्या कोर्टाची नोटीस आली तर हजर राहू, असा जामीन आरोपींकडून घेतलेला असतो आणि तो सहा महिने टिकतो. या सहा महिन्यांत नोटीस निघाली तर माणसं शोधायला त्रास कमी होतो. पुढे कोणी पुण्याला कंपनीत गेलं, कोणी सासुरवाडीला राहायला गेलं, की नोटीस परत येत राहते आणि तारखा पडत राहतात.

मग निकाल पहिल्यापासून वाचा. इंग्रजीत असेल तर कोणाकडून तरी मराठीत समजून घ्या, अंदाजाने नको. 'आरोपी सुटले' हे सर्वांना माहीत आहे. तुम्हाला शोधायचं आहे ते, ज्या कारणांनी सुटले ती. साधारण तीन-चारच कारणं असतात. प्रत्येक कारण एका पानावर लिहा आणि त्यासमोर नोंदीत प्रत्यक्ष काय आहे ते लिहा. अपील जिंकण्या-हरण्याचं बरंचसं काम या पानावर होतं.

तुमच्या प्रकरणात कुऱ्हाडीचंच उदाहरण घ्या. फिर्यादीत 'कुऱ्हाडीने मारलं' असेल आणि डॉक्टरांनी 'कठीण व बोथट वस्तूने झालेली जखम' असं लिहिलं असेल, तर बचावाचा वकील हमखास म्हणतो की कुऱ्हाडीला धार असते, कापल्याची जखम कुठे आहे? कोर्टाला तिथे विसंगती दिसू शकते. पण कुऱ्हाडीला दोन बाजू असतात हे कुठल्याही कास्तकाराला माहीत आहे. मागच्या तुंब्याने मारलं तर कातडी फारशी फाटत नाही, हाड मोडतं. आता यजमानांची साक्ष उघडा. 'तुंब्याने', 'उलट्या बाजूने' असा शब्द त्यांनी वापरला आहे का? उलटतपासणीत आला आहे का? कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने अशी जखम होऊ शकते का, असं डॉक्टरांना विचारलं गेलं का आणि त्यांनी हो म्हटलं का? हे नोंदीत असूनही निकालात त्याचा उल्लेख नसेल तर तो तुमचा पहिल्या नंबरचा मुद्दा. नोंदीत नसेलच, तर मुद्दा कमकुवत आहे हे मान्य करून पुढे जा.

असंच एक्स-रेचं. एक्स-रे कोर्टासमोर आला नाही किंवा तो काढणाऱ्या-वाचणाऱ्या डॉक्टरची साक्ष झाली नाही, तर 'हाड मोडलं' हे सिद्ध होत नाही आणि ३२६ डळमळतं. पण हाड मोडल्याचं बाजूला ठेवलं तरी घातक हत्याराने दुखापत केल्याचं ३२४ उरतं. मोठ्या गुन्ह्यात लहान गुन्हा सामावलेला असेल तर त्याखाली शिक्षा देता येते. निकालात याचा विचारच झाला नसेल तर तसं अपिलात लिहा.

रिपोर्टला उशीर, हे तिसरं नेहमीचं कारण. उशीर झाला म्हणून केस पडत नाही. उशिराचं कारण दिलं गेलं नाही म्हणून पडते. आरोग्य केंद्रातली वेळ, ग्रामीण रुग्णालयाची रेफर चिठ्ठी, मेडिकलमधली भरतीची वेळ, या तीन कागदांवरून तुमची ती रात्र तासातासाने मांडता येते. पंच फितूर झाले, या कारणाने तर उगाच खचू नका. पंच मारहाणीचे साक्षीदार नसतात, ते पंचनाम्याचे असतात. तपास अधिकाऱ्याची साक्ष भरवशाची असेल तर जप्ती त्यावरूनही सिद्ध होऊ शकते. फितूर साक्षीदाराचं सगळंच बोलणं टाकून द्यायचं नसतं, त्यातला पटणारा भाग घेता येतो. 'साक्षीदार घरचेच आहेत' असं लिहिलं असेल, तर पेरणीच्या वेळी वावरात घरचेच असणार, हे मांडा. कायद्यात साक्षीदारांची अमुक संख्या लागते असं कुठेही नाही, आणि स्वतः जखमी झालेल्या माणसाच्या साक्षीला न्यायालयं खास वजन देतात, कारण खऱ्या मारणाऱ्याला सोडून तो दुसऱ्याचं नाव सहसा घेत नाही.

इथे तुमच्या मनातली आणखी एक धास्ती दूर करतो. अपिलात सगळे साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे करत नाहीत. जी साक्ष नोंदली गेली तीच वाचली जाते. तुमचे यजमान आज नाहीत, पण त्यांची शपथेवरची साक्ष आणि उलटतपासणीतली सगळी उत्तरं कोर्टाच्या दप्तरात आहेत. ती तशीच वरच्या न्यायाधीशांसमोर जातील. ते गेले म्हणून पुराव्यातली एक ओळही कमी होत नाही. नवा पुरावा घेण्याचा अधिकार अपील न्यायालयाला असतो, पण खटल्यात राहिलेली भोकं बुजवण्यासाठी तो सहसा वापरला जात नाही. तेव्हा 'आता नवीन साक्षीदार आणू' अशा भरवशावर अपील उभं करू नका.

आणि अवघड बाजूही नीट पाहा. सुटकेविरुद्धचं अपील चढणीचं असतं. आरोपी मुळात निर्दोष मानलाच जातो आणि सुटल्यावर ते गृहीतक दुप्पट घट्ट होतं. सर्वोच्च न्यायालयाने चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या २००७ च्या निकालात हे सविस्तर सांगितलं आहे. अपील न्यायालय सगळा पुरावा नव्याने तपासू शकतं, त्याला आडकाठी नाही. पण त्याच पुराव्यावरून दोन मतं तर्काला धरून निघत असतील, तर खालच्या कोर्टाने घेतलेलं मत बदलायचं नसतं. म्हणून 'निकाल पटला नाही' एवढ्यावर अपील टिकत नाही. नोंदीतला महत्त्वाचा पुरावा पाहिलाच नाही, चुकीचा वाचला, किंवा कोणत्याही शहाण्या माणसाने काढला नसता असा निष्कर्ष काढला, यातलं काहीतरी दाखवावं लागतं. तपासातच खोट राहिली असेल, कागद कधी कोर्टापुढे आलेच नसतील, तर अपिलाने ती भरून निघणं कठीण. तुमच्या त्या पानावर पहिल्या प्रकारची दोन कारणं जरी निघाली तरी अपील करण्याजोगं आहे असं माझं मत. सगळीच तपासातल्या खोटीची निघाली तर मी तुम्हाला आग्रह करणार नाही. आणि हा निर्णय तिघांसाठी एकच असावा असंही नाही. कुऱ्हाडवाल्याविरुद्ध पुरावा भक्कम आणि काठीवाल्यांविरुद्ध पातळ असू शकतो.

अपील जाईल ते सत्र न्यायालयात. नियम साधा आहे: आरोपींना शिक्षा झाली असती तर त्यांनी जिथे अपील केलं असतं, तिथेच तुमचंही. थेट नागपूरला, उच्च न्यायालयात, जाऊ नका. आणि कोणी 'रिव्हिजन टाकू', म्हणजे अपिलाऐवजी फेरतपासणीचा अर्ज करू, म्हणालं तर थांबा. जिथे अपिलाचा हक्क आहे तिथे रिव्हिजन ऐकली जात नाही, आणि रिव्हिजनमध्ये सुटकेचं शिक्षेत रूपांतर करता येत नाही. उत्तरवादी, म्हणजे समोरचा पक्ष, म्हणून महाराष्ट्र शासनाला पोलीस ठाण्यामार्फत आणि सुटलेल्या प्रत्येकाला वेगळ्या नावाने घ्या. वडिलांचं नाव, वय, गाव आणि सध्याचा पत्ता हवा. अपिलाचे मुद्दे लिहिताना 'निकाल कायद्याला व पुराव्याला धरून नाही' हे छापील वाक्य पुरत नाही. पहिल्याच सुनावणीत अपील दाखल करून न घेता फेटाळण्याचा अधिकार न्यायालयाला असतो, म्हणून तुमच्या पानावरची कारणं निशाणी नंबरासह पहिल्या पानांत यायला हवीत.

वकिलाच्या खर्चासाठी बैल विकू नका, डाग गहाण टाकू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, मुलांना आणि दिव्यांगांनाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १५१०० या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते. सत्र न्यायालयात अपील असल्याने जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज करणं सोयीचं. आधार, रेशन कार्ड, मृत्यूचा दाखला आणि निकाल सोबत न्या. नेमून दिलेला वकील वेगळे पैसे मागत असेल तर तिथल्या सचिवांना लेखी सांगा. वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागता येतो. खाजगी वकील केलात तर फी आधी ठरवा आणि दिलेल्या पैशाची पावती घ्या.

तुमच्यासारख्या इतरांसाठी चार गोष्टी. सुटका सत्र न्यायालयातून झाली असेल, खून, बलात्कार, पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा कायदा) अशा खटल्यांत, तर अपील उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी तेच. तिथे मोफत वकिलासाठी उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती आहे. अॅट्रॉसिटीच्या खटल्यात कलम १४-अ आहे, तिथे मुदत ९० दिवस स्पष्ट लिहिलेली आहे. आरोपी दोषी ठरला पण शिक्षा कमी झाली, एवढीच तक्रार असेल तर पीडिताला अपील नाही. ते सरकारनेच करायचं, पीडित त्यासाठी लेखी मागणी करू शकतो. आणि कापसा-सोयाबीनचा चुकारा म्हणून व्यापाऱ्याने दिलेला चेक वटला नाही आणि खटल्यात तो सुटला, तर चेकधारकही पीडित म्हणून याच परंतुकाखाली अपील करू शकतो. हे एप्रिल २०२५ मध्ये सेलेस्टियम फायनान्शियलच्या प्रकरणात ठरलं.

आता त्या स्टॅम्पपेपरबद्दल. ३२६ हा आपसात मिटवता येण्याजोगा गुन्हा नाही, आणि तंटामुक्ती समितीला किंवा गावातल्या कोणालाही तुमच्या अपिलाचा हक्क काढून घेता येत नाही. पण तुम्ही स्वतः 'आमची तक्रार नाही, मारहाण गैरसमजातून झाली' असं लिहून दिलंत तर तो कागद तुमच्याच विरोधात कोर्टात दाखवला जाईल. मिटवूच नका, असं मी म्हणत नाही. धुरा उद्याही तोच राहणार, शेजार तोच राहणार. मिटवायचं असेल तर निकाल वाचल्यावर, वकिलाला मसुदा दाखवल्यावर, तुमच्या अटींवर मिटवा. त्यात यजमानांच्या म्हणण्याला खोटं ठरवणारी एकही ओळ नको. सही करायला घाई कोणाला आहे आणि का, हे एकदा बारकाईने बघा. तुमची मुदत संपेपर्यंत तुम्हाला गप्प ठेवणं, हाही त्या घाईमागचा हेतू असू शकतो.

आणि स्वतःला विचारा, तुम्हाला नेमकं काय हवं आहे. शिक्षा हवी असेल तर अपील. दवाखान्याचा खर्च हवा असेल, तर आरोपी सुटल्यावरही पीडिताच्या पुनर्वसनासाठी भरपाईची शिफारस करण्याचा अधिकार खटल्याच्या कोर्टाला असतो. निकालात तशी शिफारस आहे का पाहा, नसेल तर विधी सेवा प्राधिकरणात विचारा आणि अपिलातही मागणी लिहा. धुऱ्याचा त्रास थांबवायचा असेल तर फौजदारी अपिलाने धुरा सरकत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज, मोजणीनंतरची 'क' प्रत, आणि सातबाऱ्यावर तुमची-मुलीची वारस नोंद झाली नसेल तर ती आधी. तिन्ही हवं असेल तर तिन्ही कामं वेगवेगळ्या खिडक्यांवर चालतात, एक दुसऱ्यासाठी थांबत नाही.

कोणी धमकावलं तर तोंडी सांगून परत येऊ नका. ठाणेदारांना लेखी अर्ज, तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे, आणि पोच. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून लागू आहे. त्यासाठीचा अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो.

मुलीला या कामात पुढे घ्या. अठरा पूर्ण असेल तर अपिलावर दुसरी अपीलकर्ती म्हणून तिचंही नाव लावता येईल. तुम्हाला एखाद्या तारखेला जाणं जमलं नाही तर ती जाईल. एक जाड फाईल आणा, पहिल्या कप्प्यात निकाल, दुसऱ्यात यजमानांची साक्ष, तिसऱ्यात दवाखान्याचे कागद वेळेच्या क्रमाने, शेवटी सगळ्या पोचपावत्या. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका, वकिलाच्याही नाही, झेरॉक्स द्या. मेडिकलची भरतीची चिठ्ठी फिकी पडली असेल तर तिचा आजच फोटो काढून ठेवा, त्या कागदावरची शाई लवकर उडते आणि तुमच्या उशिराचा सगळा खुलासा त्या एका वेळेच्या नोंदीवर उभा आहे.